नवं घर ठेवा

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आमचा परवाना उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही कान्नो. या बाईपण कान्नो. नवरा-बायको का?"

"नाही हो बाबा," किनुवहिनी खिडकीतून म्हणाल्या, "एवढं काही नशीब फुटलेलं नाही माझं. आमच्या वस्तीत सगळेच कान्नो."

पहारेकरी हसला. त्यानं आम्हाला पांढरे कपडे, बुटांवर घालायच्या पिशव्या आणि गळ्यात अडकवायचं किरणं मोजायचं यंत्र दिलं. "तीनच्या आत बाहेर," म्हणाला. अणुवीज केंद्राच्या अपघातानं गाव सुटल्यापासून नऊ वर्षं प्रत्येक फेरीला हेच वाक्य ऐकतोय. आपल्याच गावात कुणीतरी घड्याळ दाखवून आपल्याला बाहेर काढतं, याची सवय होत नाही. मला तरी झाली नाही.

वहिनी मात्र त्या दिवशी खुशीत होत्या. येत्या वसंतात वस्ती उघडणार होती आणि त्या राहायला परत येणार होत्या. चौऱ्याऐंशी वय, एकट्या. मुलगा शिगेओ सेन्दाईला असतो. तो म्हणत होता, तिथे दुकान नाही, दवाखाना नाही, शेजार नाही, रानडुकरांशी गप्पा मारत बसणार आहेस का? त्या म्हणत, डुकरं तुझ्यापेक्षा जास्त वेळा येतात.

अकरा घरं, अकराही कान्नो, म्हणून आमच्याकडे माणसाला आडनावानं कुणी हाक मारत नाही, घराच्या नावानं मारतात. मी टेकाडावरचा. कुणी पाणवठ्याचे, कुणी थोरल्या घरचे. वहिनी नव्या घरच्या. हे नवं घर दीडशे वर्षांचं आहे. थोरल्या घरातला धाकटा भाऊ वेगळा निघाला तेव्हा त्यानं बांधलं, तेव्हा ते नवं होतं, आणि नाव तसंच राहिलं. पुढे शिगेओच्या लग्नाच्या वेळी वहिनींच्या नवऱ्यानं या घराच्या पाठीमागे दुमजली घर उभं केलं. त्याला काही नाव पडलं नाही. सगळे 'मागचं' म्हणत. अपघातानंतर मागच्याचं छत गळून आत पडलं, लाकडी जमिनीचा भुसा झाला. नव्या घराच्या तुळया मात्र अजून ठणठणीत होत्या. सरकार पडीक घरं फुकट पाडून देत होतं, तेव्हा मागचं पाडून घ्यायचं आणि नव्यात राहायचं, असा वहिनींचा बेत होता.

भातखाचरांत विलोची झाडं वाढून डोक्यावर गेली होती. वळणावर पर्सिमनचं झाड फळांनी लाल झालं होतं, तोडायला कुणी नाही. मी गाडी हळू चालवतो, त्यावर वहिनींनी दोनदा टोमणा मारला. मग आम्ही अंगणात पोचलो.

पाडायच्या घराला बांधतात ती गुलाबी फीत नव्या घराच्या खांबाला बांधलेली होती. मागच्याला काहीच नव्हतं. अंगणाच्या कडेला पिवळं यंत्र येऊन उभं होतं आणि दोन मजूर दारं काढून भिंतीला टेकवत होते.

"अहो!" वहिनी ओरडल्या. "ते नाही! मागचं!"

मुकादम याशिरो नावाचा जाडजूड माणूस होता. तो टोपी काढून पुढे आला. मी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नसेल, वर्गातही नाही. त्या दिवशी चढवला. तुम्ही वाचता की नाही, म्हणालो. म्हाताऱ्या बाईचं घर आहे, तुम्हाला काही वाटतं का, असंही म्हणालो. आवाज मध्येच चिरकला.

"आजोबा, कागदात असेल ते आम्ही पाडतो," तो शांतपणे म्हणाला. "उद्या सकाळी आठला सुरू करायचंय. हे बघा."

त्यानं प्लास्टिकच्या पाकिटातला अर्ज पुढे धरला. अक्षर माझं होतं.

वस्तीतल्या सगळ्यांचे अर्ज मीच भरले होते. कुणाला दिसत नाही, कुणाला सरकारी भाषा समजत नाही, आणि मी पडलो मास्तर. वहिनींनी सांगितलं होतं, "लिहा, नवं ठेवा, मागचं पाडा." मी लिहिलं होतं: नवी इमारत ठेवावी, जुनी पाडावी. 'मागचं' हा शब्द मला अर्जात बरा वाटला नव्हता. कुठल्या बाजूनं मागचं, असं कचेरीतला माणूस विचारील, म्हणून मी तो सुधारला. सुधारताना माझ्या डोक्यात इमारती होत्या, घरांची नावं नव्हती.

"थांबा," मी म्हणालो. "इथे 'नवी ठेवावी' असंच लिहिलंय ना? मग या घराचं नावच नवं घर आहे. कुणालाही विचारा."

याशिरोनं ती ओळ पुन्हा वाचली. मग जरा उजळला. "तसं असेल तर मी फोन करून बघतो. नाव म्हणून लिहिलंय म्हणता येईल." पण त्यानं बोट खाली नेलं आणि ओठ मुडपले. "आजोबा, पुढे कंसात आहे."

कंसात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: नवी म्हणजे १९८५ साली बांधलेली, पाठीमागची दुमजली. शिवाय छोटा नकाशा काढला होता, उत्तर दिशा दाखवणाऱ्या बाणासकट.

"इतका स्वच्छ अर्ज आम्हाला सहसा मिळत नाही," याशिरो म्हणाला. त्याला टोचायचं नव्हतं, हे उघड दिसत होतं.

वहिनींनी चष्मा आणला नव्हता. "काय लिहिलंय, मास्तर?"

कचेरीची गडबड झालीय, असं म्हणता आलं असतं. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, खरं सांगतो. "चूक झालीय," मी म्हणालो.

"ते दिसतंय मला. कुणाची?"

याशिरो बाजूला वळून मजुरांना उगीच काहीतरी सांगू लागला.

"माझी. मी तुमचं बोलणं सुधारून लिहिलं."

वहिनी पायातल्या पिशव्यांची चुरचुर करत ओट्यापर्यंत गेल्या आणि बसल्या. "शिगेओच्या निबंधांचंही असंच करायचात तुम्ही," त्या म्हणाल्या. "पोरगं लिहायचं एक, वही घरी यायची तेव्हा दुसरंच असायचं. आता काय करायचं ते सांगा. तुमचं माफ करा-बिफ करा नंतर."

अर्जदारानं स्वतः कचेरीत जाऊन सहीऐवजी असतो तो आपल्या नावाचा शिक्का मारला तरच काम थांबेल, असं याशिरो म्हणाला. कचेरी शहरात, दीड तासावर. शिक्का वहिनींच्या गळ्यातल्या थैलीत होता. घर सुटल्यापासून त्यांनी तो अंगावरून काढला नव्हता. दीड वाजला होता. याशिरोनं आपणहून दारं परत बसवायला लावली. "कागद आला नाही तर आठला मला सुरू करावं लागेल," तो म्हणाला, "मुद्दाम उशिरा येईन, पण नऊच्या पुढे नाही."

वाटेत रस्तादुरुस्तीसाठी चाळीस मिनिटं थांबवलं. मी गाडी बंद केली, चालू केली, परत बंद केली. वहिनी म्हणाल्या, "किल्लीशी खेळू नका."

कचेरीत ओवादा नावाचे कारकून होते. त्यांनी ऐकून घेतलं, वाकून नमस्कार केला, आत गेले, परत आले, पुन्हा नमस्कार केला.

"अर्ज बदलता येणार नाही. बदलाची मुदत मागच्या महिन्यात संपली."

"पण चूक आहे ती!" मी म्हणालो.

"होय. चूक दुरुस्त करणं म्हणजे बदलच झाला, मास्तर. पूर्ण अर्ज मागे घेता येईल. मग दोन्ही घरं राहतील."

"आणि मागचं कधी पाडाल?" वहिनींनी विचारलं.

"मग सरकारतर्फे नाही पाडता येणार. तुम्हाला स्वतःच पाडावं लागेल."

"स्वतः म्हणजे मी आणि हे मास्तर?"

ओवादांनी पुन्हा वाकून नमस्कार केला. मी पुन्हा मुदतीचं काढलं. दोन इमारती, एका कागदावर दोन नावं, कुणीही फसेल, असं काहीतरी बोलत राहिलो. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. हो म्हणत नव्हते.

वहिनींनी माझ्या बाहीला हिसका दिला. "पुरे. अहो ओवादा, ते मागचं तसंच राहिलं तर मला वसंतात राहायला येऊ देतील का?"

"राहायला हरकत नाही. पण छत पडलेलं घर एवढ्या जवळ... वाऱ्यात पत्रे उडतील. जनावरं आत राहतील."

"आत्ताही राहतातच." त्यांनी थैली सोडली. "मागे घ्या."

कारणाच्या रकान्यासाठी ओवादांनी पेन माझ्याकडे दिलं, सवयीनं. मी लिहायला लागलो, घरांची नावं, परंपरा, गैरसमज. दुसऱ्या ओळीवर ओवादा हळूच म्हणाले, "मास्तर, वैयक्तिक कारण एवढंच पुरतं." तोवर वहिनींनी पेन काढून घेतलं होतं. त्यांनी वेडंवाकडं 'वैयक्तिक' लिहिलं, शिक्क्यावर फुंकर मारली आणि दाबला. ओवादांनी आमच्यासमोर मुकादमाला फोन केला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाहेर गाडीपाशी मी माफी मागितली, कमरेत पूर्ण वाकून. वहिनी थांबल्या नाहीत, आत जाऊन बसल्या.

"वाकून काय होणार? आता शिगेओला कोण सांगणार? जागा मोकळी होणार म्हणून कसाबसा तयार झाला होता तो. आता म्हणेल, पडक्याच्या सावलीत म्हातारीला राहू देणार नाही." त्यांनी फोन माझ्या मांडीवर टाकला. "तुम्ही सांगा. आणि सुधारू नका काही."

फोन करणं मला जमत नाही. पत्र लिहितो म्हणालो असतो, पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही. घंटी वाजत असताना मनात वाक्य जुळवत होतो, पत्रात असतात तसे आधी ऋतूविषयी दोन शब्द, मग प्रकृती, मग विषय.

"आई?" शिगेओचा आवाज आला.

"मी मास्तर," मी म्हणालो. "तुझ्या आईचं घर मी चुकून पाडायला लावलं होतं. ते वाचलं. पण मागचं आता कुणी पाडणार नाही."

 मग तो म्हणाला, "मास्तर, आईला द्या."

वहिनींनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"त्या बोलत नाहीयेत," मी म्हणालो. "वसंतात त्या परत राहायला जाणार आहेत, एवढं सांगायला सांगितलंय."

तसं त्यांनी सांगितलं नव्हतं. पण त्यांनी खोडलंही नाही. शिगेओ ओरडायला लागला आणि मी फोन कानाला धरून, गाडी सुरू न करता, ऐकत बसलो.