दोन सायकलींचा कॅरिअर

आमच्या घरात कायदा एकच होता: जो उचलेल, त्याचं चालेल. नवीन लग्न झालेलं असताना कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून आमची चांगलीच जुंपली होती. तेव्हा हे म्हणाले, "उचलणार कोण? मी ना? मग मी म्हणेन तिथे." तेव्हापासून भाजीची पिशवी मी उचलायची म्हणून भाजी माझ्या मनाची, आणि रविवारी दोन्ही सायकली गाडीच्या टपावर हे चढवायचे म्हणून रस्ता ह्यांच्या मनाचा. मी नुसती खाली उभी राहून ओरडायची, "अहो, हळू! रंग जाईल!" जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली मी. माझं कुजबुजणंसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं.

मग ह्यांचं हृदय थकलं. जड उचलायचं नाही, चढ चढायचा नाही, आणि फार पुढचे बेत आखू नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. ह्यांनी मान डोलावली. मी डॉक्टरांशी भांडले. त्याने काय होणार होतं, कपाळ!

"टपापर्यंत तुझा हात पोचायचा नाही," हे एके दिवशी म्हणाले. "गाडीला मागे हिच बसवून घेऊ." हिच म्हणजे गाडीच्या बुडाशी बोल्टांनी आवळलेला चौकोनी लोखंडी नळा. त्यात सायकलींचा कॅरिअर खोचायचा, नाहीतर छोटा ट्रेलर जोडायचा. मला वाटलं, चला, माणसाने उमेद धरली. मी लगेच पर्स उचलली.

गॅरेजवाल्याने दोन नळे टेबलावर ठेवले, एक सव्वा इंची आणि एक दोन इंची. दोन सायकली न्यायच्या तर मोठा घ्या, म्हणाला, कॅरिअर डुलत नाही. "पण एक ध्यानात ठेवा. मोठा नळा लावला म्हणून गाडीला बळ येत नाही. ती पेलेल तेवढंच पेलणार."

"माझ्यासारखंच," हे म्हणाले आणि हसले. गॅरेजवाला हसला नाही. मी तर नाहीच नाही.

"हलका ट्रेलर ओढेल ना?" ह्यांनी विचारलं.

"ट्रेलर कशाला हवाय?" मी म्हणाले.

"माझी करवत, रंधे, लाकडं. धाकट्या भावाकडे पोचवायला. नंतर तुला अडचण नको."

त्या 'नंतर'वर मी पर्स टेबलावर आपटली. पण हे थांबले कुठे? दुकानातलाच एक कॅरिअर मला उचलायला लावला, टेबलावरच्या नळ्यात खोचायला लावला, तो निसटू नये म्हणून पिन घालायला लावली. "पिन दोनदा बघायची. एकदा हाताने, एकदा डोळ्याने. आता काढ. परत घाल."

"मी कशाला? तुम्ही आहात ना!"

गॅरेजवाला उगाचच पाने पुसत बसला. मग ह्यांनी त्याला हळूच विचारलं, "एकाच सायकलीचा येतो का हो? हलका?"

झालं! माझं टाळकंच सटकलं. "सायकली दोन आहेत आपल्याकडे! दोन! मोजता येत नाही का?"

"अगं, वजन बघ ना. दोनचा तुला झेपणार नाही."

"मग काय झेपेल ते तुम्हीच ठरवा. आजवर ठरवलंत तसं!"

"नाही," हे म्हणाले. "आता उचलणारी तू. तुझं चालणार."

उभ्या जन्मात मी त्या कायद्याच्या नावाने हजारदा बोटं मोडली असतील. आणि आता तो माझ्या हातात आला, तर मला तो नको होता. ह्यांनी रागवावं, अडून बसावं, नेहमीसारखं "मी म्हणेन तिथे" म्हणावं, असं वाटत होतं. हे मात्र हात मागे बांधून शांत उभे.

"दोनचा द्या," मी गॅरेजवाल्याला म्हणाले. "मोठ्या नळ्याचा."

तो बसवताना त्याने सांगितलं, जड सायकल नेहमी आत, गाडीला लागून, हलकी बाहेर. आणि एकटीच असेल तर तीही आतच. हे म्हणाले, "ऐकलंस ना?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आम्ही दोघं एकदाच गेलो. माझीच सायकल नेली. हे तळ्याकाठी गाडीत बसून राहिले आणि मी प्रत्येक फेरीला समोरून गेले की हात हलवत होते. थंडी संपायच्या आत हे गेले.

ट्रेलर जोडून रंधे दिरांकडे पोचवले. तेवढं सांगितलेलं ऐकलं. सायकलींना मात्र कित्येक रविवार हात लावला नाही.

आज लावला. कॅरिअर खोचला, पिन घातली आणि आधी ह्यांची सायकल धरली. आयुष्यात पहिल्यांदा उचलत होते ती. अगं आई गं! केवढी जड! गुडघ्याच्या वर येईना. ही असली धोंड हा माणूस दर रविवारी डोक्यावरून टपावर चढवायचा, आणि मी खाली उभी राहून काय ओरडायची, तर रंग जाईल. एकदाही म्हणाले नाहीत, की जड आहे.

तिसऱ्या झटक्याला चढली. ती आत, माझी बाहेर.

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "अहो, एकट्याच निघालात ना? मग दोन कशाला?"

"उचलतंय कोण?" मी म्हणाले.

मी पट्टे आवळले. पिन हाताने बघितली, डोळ्याने बघितली. मग गाडीत बसले, दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले.