भिंगावरून चेहऱ्यावर परत बदली मिळण्याबाबत

विषय वरीलप्रमाणे. संदर्भ : सासऱ्यांचा तोंडी हुकूम आणि त्यावर सूनबाईंचा तोंडी अर्ज.

मी पावडरचा ब्रश बोलतोय. अर्जदाराने हात जोडायची पद्धत असते. मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते.

कारखान्यात माझे केस लांब, मऊ आणि मोकळे ठेवले, टोकाला गोल घुमट दिला. पावडर चेहऱ्यावर भुरभुरायची असते. शेजारच्या फळीवरचे ब्रश आखूड आणि गच्च. ते ओला रंग ठासून बसवायला. ज्याचं त्याचं खातं ठरलेलं होतं. घोळ पुढे माणसांनी घातला.

सूनबाईंनी मला दुकानात गालावर फिरवून पाहिलं. केस दाबले, सोडले, ते पुन्हा फुलले तेव्हाच हो म्हणाल्या. नवरा पसंत करतानाही एवढी चौकशी केली नव्हती, असं त्याच सांगतात.

त्यांच्या सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पडदा, आरसा, स्टूल, दोन दिवे. गिऱ्हाइकाच्या कपाळावरची चमक मारायची, हे माझं काम. सासऱ्यांनी मला तळहातावर फिरवलं आणि रुजू होण्याआधीच बदली केली.

"एवढी मऊ वस्तू तोंडाला कशाला? कॅमेऱ्याच्या भिंगाला ठेव. भिंगाला ओरखडा गेला की संपलं. तोंडाला काय होतंय?"

"बाबा, अहो, चेहऱ्यासाठीच आणलाय तो."

"मग तो ओल्या रंगाचा गच्चवाला आहे ना, तो वापर. केस तरी आहेत त्याला. तुझा हा वाऱ्यावर उडतोय."

भरगच्च दिसलं की चांगलं, ही माणसांची जुनी समजूत. जेवणाच्या ताटापासून भाषणापर्यंत ती तशीच चालत आली आहे. मी भिंगाच्या डबीत पडून राहिलो.

मग एक बाई आल्या. पन्नाशीच्या, आयुष्यात पहिल्यांदाच नोकरीचा अर्ज करणार होत्या. गच्च ब्रशने पावडर त्यांच्या एकेका सुरकुतीत जाऊन बसली. सासऱ्यांनी फोटो काढून दाखवला.

बाईंनी फोटो जवळून पाहिला. "हा नोकरीसाठी हवाय हो," त्या म्हणाल्या. "श्रद्धांजलीचा इतक्यात नको."

"चेहरा जसा तसाच फोटो," सासरे म्हणाले आणि चहाला निघून गेले.

सूनबाईंनी बाईंचं तोंड पुसलं आणि मला डबीतून काढलं. पावडर झाकणात घेतली, माझी नुसती टोकं बुडवली, मनगटावर झटकली. मग कपाळ, नाकाच्या कडा, हनुवटी. टेकलो न टेकलो एवढाच. फोटोही त्यांनीच काढला.

"हं," बाई म्हणाल्या. "ही मी. झोप नीट झालेली मी."

एवढी एक नोकरी मी मनापासून केली.

सूनबाईंनी मला आरशापाशी ठेवलं आणि त्या बाईंना फोटो द्यायला काउंटरवर गेल्या. तेवढ्यात सासरे परतले. "वस्तू जागेवर ठेवायची म्हणजे कमीपणा वाटतो सगळ्यांना," असं पुटपुटत त्यांनी मला उचललं आणि थेट भिंगावर फिरवलं. पावडरसकट. पाठोपाठ एक भलंमोठं कुटुंब फोटोला आलं. छापून पाहिलं तर सगळे ढगात, आणि आजोबा ढगातून वाट विचारताहेत.

"या ब्रशाने घात केला," सासरे म्हणाले.

"चूक त्याची नाही, बाबा."

"मग कोणाची?"

सासऱ्यांच्या या प्रश्नाचं खरं उत्तर सुनेने द्यायचं नसतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तो मला चेहऱ्यासाठी द्या. भिंगाला दुसरा आणू."

"बघू."

'बघू'च्या खाली या घरात पुष्कळ अर्ज दडपलेले आहेत. मला कपाटाच्या माथ्यावर टाकण्यात आलं.

माझं म्हणणं नोंदवून घ्यावं. मी दिलगिरी व्यक्त करणार नाही. केस उडतात, कारण ते उडण्यासाठीच बसवले आहेत. भिंगावर पुन्हा नेमलंत तर माझ्या अंगातली उरलीसुरली पावडर मी तिथेच झाडीन, आणि ही धमकी आहे असं वाटत असेल तर तसं वाटू द्यावं.

आज सकाळपासून सूनबाईंनी गच्च ब्रश हातात धरलेला नाही. स्टुलावर एक गृहस्थ येऊन बसले आहेत, त्यांचं कपाळ दिव्याखाली लखलखतंय. सूनबाई मांडीवर हात ठेवून शांत बसल्या आहेत. सासऱ्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वर माझ्याकडे.

निर्णय झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.