फ्लॅश पडला की परत

शिनोलीच्या मैदानावर प्रबुद्धला बसायला खुर्ची मिळायची, आणि तेच त्याचं दुखणं होतं.

मैदान म्हणजे काही फार मोठा प्रकार नव्हे. भात निघालं की सावळेरामदादांचं रस्त्याकडेचं खाचर मोकळं पडतं. ढेकळं फोडायची, पाणी मारून रान चोपायचं, एका अंगाला बाभळीचा मेढा, दुसऱ्या अंगाला लोखंडी पाइप, मधे जाळी ताणली की पाऊस येईपर्यंत गावाची संध्याकाळ तिथं व्हॉलीबॉलवर जाते. कुणी मंचरला कांदा टाकून आलेला असतो, कुणी एसटीची ड्यूटी संपवून, कुणी शाळेतून. पँट दुमडली आणि चपला बांधावर काढल्या की सगळे सारखेच. बसायला एवढा लांबलचक बांध असताना खुर्ची लागते कुणाला? पाहुण्याला, पुढाऱ्याला आणि आजाऱ्याला. या तिघांत आपण बसत नाही, असं प्रबुद्धचं मत होतं. पण त्याचं मत कुणी विचारत नव्हतं. तो रस्त्यावरून लंगडत येताना दिसला की सावळेरामदादांच्या ओट्यावरची लाल प्लॅस्टिकची खुर्ची आपोआप मैदानाच्या कडेला यायची. कुणीतरी ती रुमालाने पुसायचंसुद्धा.

सव्वा-दीड वर्षापूर्वी हा माणूस जाळीजवळ उभा राहायचा. बॉल वर चढवून द्यायचा, आणि मागून धावत येऊन बाळासाहेबाने तो पलीकडे असा आदळायचा की समोरचे तोंडावर हात घ्यायचे. बारा वर्षांची जोडी होती ती. बॉल बोटभर इकडेतिकडे गेला की बाळासाहेब सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडायचा, "प्रब्या, बैला, डोळं घोडेगावला ठिवून आला का?" आणि प्रबुद्ध म्हणायचा, "तू आधी पोट कमी कर, मग उडी मार." बाराही वर्षं त्यांचं एवढंच संभाषण चाललं होतं, आणि दोघांना त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी घोडेगावातलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान बंद करून येताना वळणावरच्या खडीवर प्रबुद्धची गाडी घसरली. पाय नको तिथून वाकला. बाळासाहेबाने पिकअपमधल्या कांद्याच्या गोण्या रस्त्यावर फेकल्या, प्रबुद्धला मागे आडवा घातला आणि मंचर गाठलं. भरत एसटी ड्रायव्हर, तो सबंध वाटभर त्याचा पाय मांडीवर धरून बसला होता. सुनील मास्तरांनी रक्त दिलं. पायात रॉड पडला, पाय वाचला, उडी मात्र गेली.

दवाखान्यातून घरी आल्यावर प्रबुद्ध बाळासाहेबाला म्हणाला होता, "बाळासाहेब, तुमचे लई उपकार झाले." आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहो-जाहो केलं. बाळासाहेब एवढा अवघडला की चहा अर्धा टाकून उठला. तेव्हापासून सगळंच बिघडलं. बाळासाहेब त्याला 'प्रबुद्धभाऊ' म्हणू लागला, भरत 'जपून, जपून' करू लागला. आणि खरं सांगायचं तर प्रबुद्धलाही काही बोलवेना. ज्यांनी आपला जीव वाचवला त्यांना पोट कमी कर कसं म्हणायचं?

अशात कॅमेरा आला. त्याची चुलत बहीण हर्षाली मंचरला लग्नाचे फोटो काढते. तिने नवीन सामान घेतलं आणि जुना कॅमेरा फ्लॅशसकट याच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "दादा, घरात बसून वहिनीचं डोकं खाण्यापेक्षा हे घे. हौस म्हणून काढ काहीतरी." साक्षीवहिनीने दोन्ही हात जोडून नणंदेचे आभार मानले.

काढायचं काय, हा प्रश्न प्रबुद्धला पडलाच नाही. तो कॅमेरा गळ्यात अडकवून मैदानावर गेला. हिवाळ्यात शिनोलीला सूर्य डोंगराआड लवकर उतरतो. आभाळात उजेड राहतो आणि खाली माणसं काळी पडतात, म्हणून त्याने फ्लॅश लावला. पहिला फ्लॅश पडला मात्र, आणि सगळा खेळ जागच्या जागी थांबला. बाराच्या बारा माणसं हात सरळ खाली सोडून, हनुवटी वर करून, कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली. त्यांचा काय दोष? फ्लॅश त्यांनी लग्नातच पाहिलेला. स्टेजवर चढायचं, नवरानवरीच्या बाजूला ताठ उभं राहायचं, डोळे मिटायचे नाहीत, ही सवय हाडीमाशी रुजलेली. भरत तर हवेत होता. त्याने हवेतच मान वळवली, चेहरा हसरा केला, आणि बॉल त्याच्या टाळक्यावर येऊन बसला.

फोटो बघून प्रबुद्ध घरी पोट धरून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून साक्षी स्वयंपाकघरातून बाहेर बघायला आली.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. हळूहळू माणसं स्टेजवरून उतरली आणि खेळू लागली. प्रबुद्धही शिकत गेला. फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवला की सरळ डोळ्यांत जातो, म्हणून त्याने तो काढून उसाच्या टिपऱ्याएवढ्या काठीला बांधला आणि बाजूच्या बांधावर खोचला. शटर थोडं सावकाश ठेवलं की मागच्या डोंगरावरचा तांबूस उजेड फोटोत येतो, आणि फ्लॅश पडतो तेवढ्या क्षणापुरता माणूस हवेत टांगलेला राहतो, पायाखालच्या धुळीसकट. कधी दाबायचं हे मात्र त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. बॉल चढवून दिल्यावर बाळासाहेब कोणत्या श्वासाला वर येतो, ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

पण फ्लॅश बाजूला नेला तरी तो पडायचाच. डोळे दिपायचे, बॉल सुटायचा. आणि सुटला की सगळे म्हणायचे, "असू द्या, असू द्या, प्रबुद्धभाऊ." हे ऐकलं की त्याला कॅमेरा विहिरीत टाकावासा वाटायचा. पूर्वी साधी शिंक आली आणि बॉल चुकला तरी सात पिढ्या निघायच्या. आता हा माणूस रोज त्यांचा खेळ नासवतोय, आणि कुणी तोंडातून ब्र काढत नाही!

शेवटी सावळेरामदादांनी न्याय केला. दादा पंच होते. शिट्टी त्यांची, खाचर त्यांचं, म्हणून कायदाही त्यांचाच. त्या मैदानाचे कायदे जगात दुसरीकडे कुठं चालत नाहीत. बॉल रस्त्यावर गेला आणि भीमाशंकरची एसटी आली, तर परत, म्हणजे तो पॉइंट नव्याने खेळायचा. चिमाबाईच्या पेंढ्याच्या गंजीवर बॉल अडकला, तर परत. कुत्रं मैदानात आलं, तर परत. दादांनी शिट्टी वाजवून जाहीर केलं, "आजपासून फ्लॅश पडंल त्या बॉलाला पॉइंट न्हाई. परत."

सगळ्यांना पटलं. प्रबुद्धला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

"एसटी, पेंढा, कुत्रं आणि मी," तो साक्षीला म्हणाला.

"मग? कायद्यात नाव आलं तुमचं," साक्षी म्हणाली.

"अडथळ्यांच्या यादीत आलं. साक्षी, मी त्या माणसांचा लई देणेकरी हाय, म्हणून मला त्यांच्यात बसायचं व्हतं. ते मला सांभाळून घेत्यात, बास. रविवारी घोडेगावची टीम यायचीय. तेवढी मॅच काढतो आणि कॅमेरा हर्षालीला परत देतो."

साक्षीने भाकरीचा तुकडा परत टोपलीत ठेवला.

रविवारी मैदानाच्या चारी कडांना माणसं जमली. घोडेगावची पोरं ताज्या दमाची, एकसारखे टी-शर्ट घालून आलेली. दादांनी त्यांना सगळे कायदे वाचून दाखवल्यासारखे सांगितले. एसटी, पेंढा, कुत्रं. फ्लॅशवर ती पोरं हसली, पण कबूल झाली. लाल खुर्ची आली, पुसली गेली, आणि प्रबुद्ध तिच्यावर बसला.

त्याने त्या दिवशी हात आखडताच ठेवला होता. बॉल मेला, माणसं टाळ्या देताहेत, कुणी गुडघा चोळतोय, असं बघूनच तो बटण दाबत होता. पहिला सेट शिनोलीने घेतला, दुसरा घोडेगावने. तिसऱ्यात ओढाताण चालली. डोंगरामागे सूर्य बुडाला, आभाळ तांबडं झालं, आणि शिनोलीला जिंकायला एकच पॉइंट उरला.

सुनील मास्तरांनी मागून बॉल उचलला. जाळीजवळ भरत होता. प्रबुद्धच्या जागेवर आता तो उभा राहायचा. त्याने बॉल वर चढवला, आणि काय चढवला! बरोबर तसाच, जसा प्रबुद्ध द्यायचा. तो बॉल वर जाताना पाहिला आणि प्रबुद्ध विसरला की आपण खुर्चीवर आहोत. बाळासाहेब दोन पावलं धावला, वर आला, पोटासकट वर आला, हात मागे गेला. आणि त्या श्वासाला प्रबुद्धच्या बोटाने बटण दाबलं.

सगळं खाचर पांढरं झालं. बॉल पलीकडे असा आदळला की धूळ उडाली.

शिनोलीकर ओरडत एकमेकांच्या गळ्यात पडले, तोवर पलीकडून आवाज आला, "फ्लॅश! फ्लॅश पडला! परत!"

गळ्यातले हात सुटले. दादांनी एकदा प्रबुद्धकडे बघितलं, एकदा आभाळाकडे. मग शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. परत.

तो पॉइंट शिनोलीने घालवला. बरोबरी झाली, आणि मग अवसानच गेलं. पुढचा बॉल मास्तरांच्या हातून निसटला, त्याच्या पुढचा बाळासाहेबाने जाळीत मारला. घोडेगावची पोरं नाचू लागली.

प्रबुद्ध खुर्चीत मान खाली घालून बसला होता. आता 'असू द्या, प्रबुद्धभाऊ' ऐकायचं आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. समोर दोन धुळीने भरलेले पाय येऊन थांबले. त्याने वर पाहिलं. बाळासाहेब होता, घामाने निथळत, नाकपुड्या फुगवून.

"प्रब्या!" बाळासाहेब एवढ्याने ओरडला की चिमाबाई गंजीमागून डोकावल्या. "नालायका! बैला! एक बोट आवरंना तुला? सबंध मॅच गप बसला आन् नेमका तवाच दाबला?" पुढे तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात प्रबुद्धचं डोकं होतं, हर्षालीचा कॅमेरा होता, पायातला रॉडही होता. "त्यो रॉड पायात न्हाई, डोक्यात बसवाय पायजे व्हता मंचरला!"

भरत मधे पडायला पुढे आला.

दीड वर्षात प्रबुद्धला कुणी प्रब्या म्हटलं नव्हतं. त्या रॉडचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं, जणू तो त्याच्या पायात नसून मैदानावर पुरलेला होता. इतकं बरं त्याला टाके काढले तेव्हाही वाटलं नव्हतं.

"आणि शेवटचा बॉल आला तवा काय केलंस?" तो खुर्चीतून उठत ओरडला. आवाज फुटत होता, पण त्याने ओढून काढला. "जाळीत कुणी घातला? मी घातला? पोट कमी कर म्हणून बारा वरसं सांगतोय तुला!"

आधी मास्तरांना हसू फुटलं, मग भरतला, मग घोडेगावच्या पोरांनाही. बाळासाहेब हसला नाही. त्याने जाळीकडे बोट केलं.

"हरवलं कुणी?"

"मी," प्रबुद्ध म्हणाला.

"मग सोड."

हरणाऱ्यांनी जाळी सोडायची, घडी घालून दादांच्या ओट्यावर नेऊन ठेवायची, हा त्या मैदानाचा जुना नेम. खुर्चीवरच्या माणसाला हे काम कुणी सांगत नाही. प्रबुद्ध लंगडत बाभळीच्या मेढ्याकडे गेला. गाठ घट्ट बसली होती. दातांनी सोडवावी लागली. दुसऱ्या टोकाला पाइपाजवळ बाळासाहेब दुसरी गाठ सोडत होता. दोघांनी मिळून जाळी गुंडाळली, मधे आल्यावर टोकाला टोक लावलं.

"त्या दिवशी," प्रबुद्ध हळू आवाजात म्हणाला, "गोण्या फेकल्यास, त्याबद्दल..."

"गप," बाळासाहेब म्हणाला. "फोटो दाव आधी. आला तरी का?"

प्रबुद्धने कॅमेरा पुढे धरला. घामेजलेली सगळी डोकी त्या छोट्याशा पडद्यावर वाकली, घोडेगावचीसुद्धा. मागे तांबडा डोंगर, आणि पुढे बाळासाहेब जमिनीपासून चांगला हातभर वर, तळव्याखाली धूळ, तळहाताला बॉल नुकता टेकलेला. खाली जाळीजवळ भरतची बोटं अजून उघडीच होती.

बाळासाहेबाने पडदा डोळ्यांजवळ ओढला.

"बाराही वरसं मी असा दिसतो व्हय?" बाळासाहेबाने विचारलं.

"रोज," प्रबुद्ध म्हणाला. "मी जाळीजवळून रोज बघायचो."

बाळासाहेबाने नाक पुसलं आणि मग पुन्हा आठवल्यासारखं म्हणाला, "पर पॉइंट गेला ना, हलकटा."

घरी येऊन प्रबुद्धने हर्षालीला फोन लावला. साक्षी दारात उभी राहून ऐकत होती. तो म्हणाला, "हर्षे, तुझे आभार मानायला केला गं. आणि त्या फ्लॅशला जादाचे सेल लागतील, मंचरला कुठं मिळतात?"

दुसऱ्या दिवशी तो मैदानावर पोचला तेव्हा खेळ सुरू झाला होता. लाल खुर्ची कडेला होती, पण तिच्यावर सावळेरामदादा शिट्टी तोंडात धरून पाय पसरून बसले होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि उठायची जराही हालचाल केली नाही. प्रबुद्धने चपला काढल्या आणि तो बांधावर बसला.