छपराची पलीकडची बाजू

"छप्पर निघत नाय," कॉस्मास म्हणाला. "नट गंजल्यात. गाडी घ्या, पण छप्पर हाय तसं ऱ्हाऊ द्या."

श्रीपाद गद्रे कल्याणच्या कोर्टात वकिली करत. अशिलाच्या तोंडाआधी त्याच्या हातांकडे बघायची त्यांना खोड. त्यांनी छपराखालच्या एका नटावर बोट फिरवलं आणि ते बायकोपुढे, मंदाकिनीबाईंपुढे, धरलं. बोटाला ताजं तेल लागलं होतं.

"अहो कॉस्मास, गंजलेत कुठे?" ते हसत म्हणाले.

गेले चौदा महिने दर रविवारी चर्चमधून, मिस्साहून आला की कॉस्मास त्या सहाही नटांना तेल घालायचा, पण पाना मात्र कधी लावायचा नाही. का, ते त्याला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्याला धड सांगता आलं नसतं.

"हे बघा," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "मला बंद गाडीत मळमळतं. डोंबिवलीहून टॅक्सीनं इथवर कशी आले ते माझं मला ठाऊक. ही उघडी होते असं ऐकलं, म्हणून तर एवढी तंगडतोड केली. उघडून दाखवा, नाहीतर राहू दे बाई."

आता 'राहू दे' ऐकून चालणार नव्हतं. महिनाअखेरीला कॉस्मासला लेकीकडे, बिट्रिसकडे, राहायला जायचं होतं, आणि तिच्या दारापर्यंत गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. याआधीची दोन गिऱ्हाइकं ह्याच छपरापायी परत गेली होती.

गाडी मॉरिस, गर्द हिरवी, मुळात कापडी हूडची. गिरणीच्या साहेबानं एका पत्रेवाल्याकडून तिला पत्र्याचं छप्पर करवून घेतलं होतं. पावसाळ्याआधी चढवायचं, नाताळाआधी उतरवायचं. कॉस्मास साहेबाचा ड्रायव्हर. अठ्ठेचाळीस साली विलायतेला निघताना साहेब म्हणाला, ही तूच घे. कॉस्मासची कसली छाती होतेय! घेतली ती त्याच्या बायकोनं, सुझानानं, हातातल्या पाटल्या मोडून. "पोरीनं नवरी होऊन देवळात काय बैलगाडीत बसून जायचं?" असा तिचा सवाल. मग घोडबंदर रोडच्या पाड्यांतल्या किती नवऱ्या त्या उघड्या गाडीतून, डोक्यावरची पांढरी जाळी उडवत लग्नाला गेल्या, त्याची गणती नाही.

छप्पर उतरवणं हे दोघांचं काम. ड्रायव्हरच्या बाजूला कॉस्मास, पलीकडे सुझाना. रंग खरचटू नये म्हणून अंगणात गोधडी अंथरायची. "एक, दोन" ती म्हणायची. तीन कधी म्हणायचीच नाही, दोनलाच उचलायची, आणि दर वर्षी कॉस्मास मागे पडून तिची बोलणी खायचा. सहा वर्षं हाच तमाशा, आणि दोघांनाही तो हवा असायचा.

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी सुझानाचा दम कोंडला. दवाखान्यात न्यायला कॉस्मासनं तिला कशीबशी मागच्या सीटवर बसवली.

"छप्पर काढ," ती म्हणाली. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. "वाराच नाय लागत मला. काढ ना."

त्यानं पाना आणला. दोन नट सैल केले आणि त्याचा हात थांबला. पलीकडे कोण धरणार? पलीकडची बाजू तर तिची. त्यानं ते दोन नट पुन्हा आवळले आणि गाडी चालू केली. कापूरबावडीच्या अलीकडेच सुझानानं मान टाकली.

तिला पुरताना तो रडला नाही. नंतरही नाही. "पापा, एकदा रडून घ्या," बिट्रिस सांगायची. तो "बरं" म्हणायचा. जेवायचा, गाडी पुसायचा, नटांना तेल घालायचा. आत काही हलत म्हणून नव्हतं.

"द्या तो पाना," मंदाकिनीबाईंनी पदर खोचला. "त्यात एवढं काय अवघड आहे?"

"तसा नाय बाय. दोघं लागतात."

"मग आहोत की आपण दोघं! हे काय, नुसत्या सूचना देणार."

"अगं, मी लावतो हात," वकीलसाहेब म्हणाले.

"तुम्ही कोट सांभाळा."

कॉस्मासनं सहाही नट काढले. लोण्यातून सुरी फिरावी तसे निघाले. मग तो घरात जाऊन गोधडी घेऊन आला, अंगणात अंथरली आणि आपल्या बाजूला उभा राहिला. पलीकडे बाई उभ्या राहिल्या.

"एक, दोन," कॉस्मास म्हणाला आणि त्यानं उचललं.

"अहो, तीन तरी म्हणा!" बाई ओरडल्या, पण त्यांनीही धरलं. चार पावलं आडवी टाकली आणि छप्पर गोधडीवर आलं.

"एवढंच?" हात झटकत त्या म्हणाल्या. "उगीच घाबरवलंत की मला. हे तर कोणीही धरलं असतं."

कॉस्मास त्यांच्याकडे बघतच राहिला. कोणीही. चौदा महिन्यांत हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. कुंपणापलीकडे पोपट नावाचा त्याचा शेजारी वांगी खुडत होता. त्या सकाळीही तो तिथंच, ह्याच वांग्यांत होता. गाडी निघताना त्यानं हात वर करून विचारलंसुद्धा होतं, "काय रं, सकाळच्याला कुठं?"

व्यवहार लगेच झाला. "छपरासाठी सोमवारी लॉरी पाठवतो," वकीलसाहेब म्हणाले. "तोवर आत ठेवा, दवानं खराब होईल." वकीलसाहेब चाकावर बसले, बाई मागच्या सीटवर, डावीकडे. गाडी वळली तेव्हा त्यांचा पदर वाऱ्यानं फडफडत होता.

अंगणात छप्पर राहिलं. कॉस्मास आपल्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"पोपट!" त्यानं हाक मारली. "ए पोपट! जरा हात लाव रं इकडं!"

पोपटानं हातातली पाटी खाली टाकली, कुंपणाचा काटा सारला आणि धावत आला. कॉस्मास मनात आकडे मोजत होता. अठरा झाले आणि पोपट पुढ्यात हजर. त्या सकाळीही अठराच झाले असते.

"कुठली बाजू धरू?"

कॉस्मासनं पलीकडे बोट दाखवलं. पोपट तिथं गेला, वाकला, कडेला हात घालून वाट बघत राहिला. कॉस्मासला "एक, दोन" म्हणायचं होतं, पण तो तिथंच गोधडीवर बसला आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा रडला.