दोन कॉन्सल आणि एक मुनी

आठवीचा वर्ग गप्प बसायला लागला, तेव्हाच इतिहासाच्या सरांच्या मनात संशयाचा किडा वळवळू लागला. मुख्याध्यापिका बाई मात्र खूश. दारातून डोकावून म्हणायच्या, "सर, तुमच्या रोमने जादूच केली हो." सर हसायचे आणि मनात म्हणायचे, कुठेतरी पाणी मुरतंय.

रोम ही त्यांचीच कल्पना. रोमचा कारभार राजाकडून लोकांकडे आणि लोकांकडून पुन्हा एकाच माणसाकडे कसा गेला, हे फळ्यावर लिहिलं की मुलं जांभया देतात. म्हणून त्यांनी वर्गाचंच रोम केलं. आधी सर स्वतः राजा झाले आणि मुलांनी त्यांना हाकलून दिलं, अगदी आनंदाने. मग राजाच्या जागी दोन कॉन्सल, म्हणजे कारभारी, निवडले. दोघांना सारखाच अधिकार, आणि एकाने काही ठरवलं की दुसरा ते अडवू शकणार. झालं! एकीने खिडक्या उघडा म्हटलं की दुसऱ्याचा नन्नाचा पाढा सुरू. त्यात 'वकील' म्हणून ओळखली जाणारी मुलगी दोघांनाही जाब विचारायची. तिला गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

सहलीचं ठिकाण काही ठरेना, तेव्हा सर वैतागून म्हणाले, "संकट आलं की रोमन लोक सगळं एकाच्या हाती सोपवायचे. निवडा हुकूमशहा." त्याला सहा महिन्यांची मुदत असायची, हे सांगायचं घाईत राहून गेलं. इतकी वर्षं हाच धडा शिकवणाऱ्या माणसाने नेमकी मुदतच विसरावी!

मुलांनी मुनीला निवडलं. शेवटच्या बाकावर बसणारा, कमी बोलतो म्हणून मुनी. त्याने सहल ठरवली, बसमधल्या जागा वाटल्या, भांडणं मिटवली आणि परतल्यावर उभा राहून म्हणाला, "माझं काम झालं. घ्या तुमचा अधिकार परत." टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांचाही ऊर भरून आला.

पुन्हा कॉन्सल आले, मतदान होऊ लागलं, सगळं रीतसर. फक्त हात वर करण्याआधी माना शेवटच्या बाकाकडे वळू लागल्या. आणि वकील बोलेनाशी झाली. सरांना तेच लागलं. एक वेळ सगळा वर्ग गप्प बसला तरी चालेल, पण या पोरीचा आवाज जायला नको होता. त्यांनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"मुनी दम देतो का गं?"

"छे, तो कशाला देईल? काही मागतसुद्धा नाही. त्याचं बरोबरच असतं, सर. मग उगाच कशाला वाद?"

सरांनी मुनीवर पाळत ठेवली. खाऊ वाटतो का, गृहपाठ करून देतो का, कोणाला धमकावतो का, सगळं पाहिलं. काही सापडेना. "अहो, वर्ग ओरडला तरी तक्रार, गप्प बसला तरी तक्रार," घरी बायको म्हणाली. "त्या पोरावर कसला डूख धरलाय?"

शेवटी सरांनी वर्गात जाहीर केलं, "आजपासून खेळ बंद." सगळ्या माना मागे वळल्या. मुनी नम्रपणे म्हणाला, "सर म्हणताहेत तर थांबवू या." मग सगळ्यांनी होकार दिला. सरांना हायसं वाटलं आणि लगेच ते वाटल्याची लाजही वाटली.

त्यांनी पुढचा भाग शिकवायला घेतला. यादवी युद्ध जिंकलेल्या ऑगस्टसने सगळे अधिकार परत केल्याचं जाहीर केलं, कॉन्सल तसेच ठेवले, सभाही तशीच ठेवली.

"मग खरी सत्ता कोणाकडे होती?"

वकीलबाईंचा हात अर्ध्यावर आला. तिने मागे पाहिलं आणि तो हळूच खाली घेतला. "बोल ना, बाळा," म्हणायला सरांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटण्याआधी त्यांची नजरही शेवटच्या बाकाकडे गेली होती.