पाठ झालेली ओळ

चष्मेवाल्याच्या दुकानात आलेल्या आईबापांची बोलणी खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती. पोराचा नंबर वाढला की हा पोराला सोडून त्यांनाच धारेवर धरायचा. "रोज दोन तास घराबाहेर सोडता का याला? पळू दे, नुसता बसू दे, माती उकरू दे, पण दिवसाच्या उजेडात. या वयात डोळा वाढत असतो. चार भिंतींत पुस्तकाला नाक लावून बसलं की तो नको तसा वाढतो." आईबाप माना डोलवायचे. आणि हे चाललेलं असताना काउंटरच्या मागे, ट्यूबलाइटखाली, लेन्सच्या रिकाम्या खोक्यांवर वही ठेवून त्याची स्वतःची मुलगी गृहपाठ करत बसलेली असायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगाच नाही.

तिला घरात मुंगी म्हणत. नाव आईनं ठेवलेलं, कारण पोरगी एका जागी ठरत नसे. शाळा सुटली की आई तिला परस्पर मैदानावर न्यायची आणि दिवेलागणीला दोघी धुळीनं माखून घरी यायच्या. मुंगी सहा वर्षांची असताना आई आजारी पडली. आधी घरी होती, मग महिनोन्महिने दवाखान्यात. शाळेतून मुंगी थेट दुकानात येऊ लागली. मैदान समोरच होतं, दुकानाच्या काचेतून दिसायचं, पण मधल्या रस्त्यावर गाड्यांची रीघ आणि दुकानात हा एकटा. पोरीला पाठवणार कुणाबरोबर? "इथं माझ्यासमोर बस," तो म्हणायचा. समोर असलेल्या पोरीला काही होत नाही, असं त्याला खरंच वाटायचं.

ती बसली. मुंगी चार वर्षं एका जागी बसली.

दुकानाच्या भिंतीवर आत दिवा लावलेली पेटी होती आणि तिच्यावर अक्षरांचा तक्ता. वर एक थोरलं अक्षर, मग ओळीगणिक बारीक होत जाणारी, आणि सगळ्यांत खाली सात चिमुकली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तोच तक्ता वाचायचं. कुणी अडखळत, कुणी अंदाजपंचे, कुणी खडाखडा. मुंगी गणितं सोडवता सोडवता ऐकायची. दुकान रिकामं झालं की बाप तिलाही खुर्चीत बसवायचा.

"हं, शेवटची ओळ."

"न, ग, र, प, स, ट, ल," मुंगी एका दमात म्हणायची.

चष्मेवाला हसायचा. त्या काळात तो दिवसातून तेवढंच एकदा हसायचा, आणि असल्या गोष्टी पोरांना कुणी सांगाव्या लागत नाहीत.

दवाखान्यात वरच्या मजल्यांवर मुलांना सोडत नसत. म्हणून भेटीच्या वेळी तो मुंगीला खाली अंगणात उभी करायचा. आई तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत यायची. "हलव हात," तो म्हणायचा, आणि मुंगी हात हलवायची. मग तिला पहारेकऱ्याच्या बाकावर बसवून तो वर जायचा.

एक दिवस बायको म्हणाली, "मुंगी भलत्याच खिडकीकडे बघून हात हलवते. तिचे डोळे बघा ना एकदा."

त्यानं त्याच संध्याकाळी बघितले. दुकानात हनुवटी टेकवली की नंबर सांगणारं यंत्र होतं, हाताच्या अंतरावर. पण घरच्या पोरीला यंत्र कशाला? खुर्चीत बसवलं, ओळ विचारली, मुंगीनं सातच्या सात अक्षरं म्हटली. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या आनंदानं सांगायला गेला, की नजर चोख आहे, एक अक्षर चुकली नाही.

"मग माझ्याकडे बघत का नाही?"

"लहान आहे गं. लक्ष नसतं तिचं."

बायकोनं खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, "रुसली असेल. मी घरी येत नाही म्हणून." तरी ती पुढेही रोज खिडकीत आली. उभं राहवेना तेव्हा दोन नर्सच्या आधारानं आली. त्या महिन्याच्या अखेरीस ती गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी मुंगीच्या वर्गाच्या बाईंनी त्याला शाळेत बोलावलं. वर्गातली सगळी मुलं एकदा तपासून द्या म्हणाल्या. दुकानातली पेटी भिंतीवरून निघणारी नव्हती, म्हणून त्यानं नवा कागदी तक्ता आणला, फळ्यावर चिकटवला, अंतर मोजून खडूची रेघ मारली. चाळीस मुलं. अकरा जणांना लांबचं दिसत नव्हतं. चष्मेवाल्याचा पारा चढतच गेला. "बाई, मधल्या सुट्टीत तरी वर्ग रिकामा करत जा. यांच्या आईबापांना मी बोलावून झापणार आहे."

शेवटी मुंगी रेघेवर येऊन उभी राहिली. "ही माझीच," तो बाईंना म्हणाला. "ही फाटकातूनसुद्धा वाचेल. हं, शेवटची ओळ."

"न, ग, र, प, स, ट, ल."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी तक्त्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. नव्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत यातलं एकही अक्षर नव्हतं.

"पुन्हा वाच, बाळा," तो म्हणाला.

मुंगीनं पुन्हा तीच अक्षरं म्हटली, या वेळी जरा हळू. त्यानं वरची ओळ विचारली, तिच्या वरची विचारली. तो बोट वर वर नेत राहिला आणि मुंगी गप्प उभी राहिली. सगळ्यांत वरचं, तळहाताएवढं अक्षर आलं तेव्हा तिनं डोळे बारीक केले आणि म्हणाली, "म आहे का? की भ?"

बाई हळूच म्हणाल्या, "पहिला बाक मागून घेते हो नेहमी. मला वाटलं, अभ्यासू आहे."

दुकानात येऊन त्यानं तिची हनुवटी यंत्रावर टेकवली. दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच. हा आकडा एका वर्षाचा नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं मनात वर्षं मागे मोजत नेली आणि दवाखान्याच्या अंगणात येऊन थांबला.

"मला सांगितलं का नाहीस, मुंगे?"

"सगळ्यांना असंच दिसतं असं वाटायचं," ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "आणि ओळ म्हटली की तुम्ही हसायचात." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता मी रोज मैदानावर गेले तर नंबर जाईल?"

"नाही जाणार," तो म्हणाला. "लागायच्या आधी जायला हवं होतं. तू नाही, मी न्यायला हवं होतं. आता वाढू नये म्हणून जायचं."

चष्मा त्यानं स्वतः केला. लेन्स घासताना एक काच वाया गेली. दुसऱ्या दिवशी भरदुपारी त्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि तिला बाहेर काढलं. मुंगी दुकानांच्या पाट्या वाचत चालली होती, मोठ्यानं, एकही न सोडता. दवाखान्याच्या फाटकाशी तिनं त्याचा हात ओढला.

अंगणात दोघं त्यांच्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले.

"आई कुठल्या खिडकीत यायची?"

त्यानं बोट दाखवलं. "तिसरा मजला. डावीकडून चौथी."

मुंगीनं मोजली. "मी त्या पलीकडच्या टोकाला बघायचे. तिथं पांढरं काहीतरी हलायचं." तो पडदा होता, अजूनही होता. "ती रोज यायची?"

"रोज."

"हसायची?"

"हसायची."

"बाबा, मला दिसत नव्हतं हे आईला माहीत होतं का?"

बायकोचं ते "रुसली असेल" चष्मेवाल्याच्या कानात होतं, आणि ते तसंच घेऊन ती गेली होती, त्याच्या चोख निदानामुळे. "माहीत होतं," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं होतं. माझ्याही आधी." यात अगदीच खोटं काही नव्हतं. बाकीचं त्यानं गिळलं, आणि पुढेही जन्मभर तेच करायचं होतं.

चौथ्या खिडकीत एक बाई फडक्यानं काच पुसत होती. मुंगीनं मान वर केली, नाकावरून घसरलेला चष्मा नीट केला आणि हात हलवला. बाईनं क्षणभर खाली बघितलं, आणि फडकं धरलेला हात तिनंही हलवला.

"हसली ती, बाबा," मुंगी म्हणाली. "इथून सगळं दिसतं."