पायवाट आखण्याआधी

साऱ्या गल्लीची ती काकू होती. घरी येणारा पुतण्या मात्र एकही नव्हता. यजमान गेल्यापासून दाराची घंटा वाजली तर ती चुकून, शेजारच्यांचा पत्ता विचारायला. म्हणूनच तिने यंदा अंगण मुळापासून बदलायचं मनावर घेतलं होतं. कुंपणाशी फुलझाडं, मधोमध हिरवळ, आठदहा जण ऐसपैस बसतील असा कट्टा. मुलीने फोनवर विचारलं, एवढं करून तिथे बसणार कोण, तेव्हा तिने विषय बदलला. बसायला जागा असली की माणसं येतात हे तिने मनाशी घट्ट धरलं होतं, आणि ते खोटं ठरलं तर पुढे काय, हा विचार ती जवळपास फिरकू देत नव्हती.

आराखडा करणारा आला तेव्हा तिला कोण आनंद झाला. तो टेप लावून मापं घेत होता, कागदावर झाडांची वर्तुळं काढत होता आणि ती आपली त्याच्या मागेमागे. त्याला चहा बिनसाखरेचा लागायचा. त्यासाठी तिने फडताळातून वेगळं छोटं पातेलं काढून घासून लख्ख केलं. चहा पिताना त्याने सांगितलं की पायवाट तो कागदावर आधी कधीच आखत नाही. जुनं गवत, फरशा काढून सगळीकडे मऊ माती पसरायची, घरच्यांना आठवडाभर नेहमीसारखं वावरू द्यायचं आणि पावलं उमटतील तिथे दगड बसवायचे.

"माणूस जायचा तिथूनच जातो, काकू," तो म्हणाला. "आपण उगाच नकाशात वळणं काढायची."

तिला हसू आलं. या घरात वावरणार कोण, तर ती एकटी. फाटकापर्यंत जाऊन पेपर आणायचा, परत यायचं, संपली वाट.

मजुरांनी माती पसरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेपर आणायला बाहेर पडली आणि मागच्या भिंतीकडे तिचं लक्ष गेलं. तिकडे दार नाही. पुरुषभर उंचीची सलग भिंत. तिच्या पायथ्यापासून अनवाणी पावलांची एक ओळ निघून स्वयंपाकघराच्या पायरीशी थांबली होती. पोरंटोरं चेंडू शोधायला उतरली असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पुढच्या सकाळी आणखी एक ओळ होती, रुंद पावलांची. मग एक लहान, टाच न टेकवता चालणाऱ्याची. तिने कड्या तपासल्या. सगळ्या आतून जागच्या जागी. तिला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी तिने बैठकीतल्या खुर्च्यांवरची धूळ पुसली, आणि आपण हे का केलं, याचीच मग तिला भीती वाटली. मुलीला तिने काही सांगितलं नाही.

ठरल्याप्रमाणे आराखडा करणारा आला, तोवर भिंतीपासून पायरीपर्यंतची माती तुडवून टणक झाली होती. बरीच वर्दळ दिसते, असं कौतुकाने म्हणत तो खुणा करायला खाली वाकला, थोडा पुढे सरकला, पुन्हा वाकला. मग पायरीपासून भिंतीपर्यंत एकेक ठसा बघत गेला.

"काकू, ही सगळी पावलं घराकडे येणारी आहेत." त्याचा आवाज खाली आला होता. "परत जाणारं एकही नाही."

"बसतात की," ती म्हणाली. "कोणाला कसली घाई आहे?"

त्याने टेप गुंडाळला. चहा नको म्हणाला, पुन्हा येतो म्हणाला आणि खुणा न करताच निघाला. फाटकापर्यंत त्याच्या बुटांचे ठसे उमटत गेले. कोणी उठून गेलं की तिला फार वाईट वाटायचं. आज नेहमीइतकं वाटलं नाही.

ती आत आली, ओट्याशी जाऊन मोठं पातेलं घेतलं आणि पाणी किती ठेवावं ते कळेना म्हणून काठोकाठ भरलं. साखरेचा डबा उघडताना, मागे वळून न बघता, तिने विचारलं, "बिनसाखरेचा कोणाला?"

क्षणभर ती ऐकत थांबली. मग फडताळाकडे हात नेऊन तिने ते छोटं पातेलं काढलं.